टॉवेलवरचे पांढरे डाग

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागे उभं राहून गोष्ट नीट ऐकू येत नाही. आज मी तुम्हाला चोरीची किंवा भुताची गोष्ट सांगणार नाही. ही संशयाची गोष्ट आहे, आणि ती मी पदरचं काही न घालता सांगेन, हा माझा शब्द. फक्त एक आधीच कबूल करून टाकतो. या गोष्टीत ज्यांनी ज्यांनी भलत्याच माणसावर संशय घेतला, त्यांच्यात मीही होतो.

मी एक जुना टॉवेल आहे. रंग गर्द निळा. म्हणजे होता.

कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात आणि मग आख्यान लावतात. निरूपण करायला लागते ती विद्या माझ्याजवळ नाही, म्हणून मी थेट आख्यानालाच हात घालतो.

माझा जन्म पानिपतचा. तिथे गल्लोगल्ली माग खडखडत असतात आणि नाल्यातलं पाणी कधी लाल तर कधी हिरवं वाहतं. मला उकळत्या निळ्या रंगात तीनदा बुचकळलं, पिळलं, वाफेत धरलं. कारखान्यातला म्हातारा रंगारी मला उन्हात धरून म्हणाला होता, "ये रंग नहीं जाएगा." त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं ताठ मानेने लटकलो.

दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हरीशरावांनी हायवेवरच्या दुकानातून आम्हा सहा भावंडांना घरी आणलं. घरात चार माणसं. हरीशराव, त्यांच्या पत्नी सुनेत्राताई, हरीशरावांचे वडील अण्णासाहेब आणि मुलगी उत्तरा. मी उत्तराच्या वाट्याला आलो. बाथरूमच्या दाराशी माझी खुंटी होती. दार उघडं असलं की समोर हॉलच्या कोपऱ्यातलं देवघर दिसायचं. रोज सकाळी अण्णासाहेब मोबाईलवर कीर्तन लावून पूजेला बसत. टाळ, मृदंग आणि बुवांचा चढता आवाज ऐकत ऐकत मी ओल्याचा सुका होत असे. त्यामुळे माझ्या बोलण्यात तो ढंग उतरला असेल, तर चालवून घ्या.

ते दिवस सुखाचे होते. उत्तरा तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची. मला फेट्यासारखा डोक्याला गुंडाळून ती आजोबांसमोर उभी राहायची आणि हात वर करून निरूपणाचा आव आणायची. अण्णासाहेब पोट धरून हसायचे. "काय मऊ आहे गं हा!" असं म्हणून ती माझ्यात तोंड खुपसायची. टॉवेलाला याहून मोठं कौतुक नसतं, मित्रांनो.

मग ती पंधराची झाली आणि तिने माझ्यात तोंड खुपसणं सोडलं. ती आता मला हलकेच टिपकागदासारखं चेहऱ्याला लावू लागली. तिच्या कपाळावर बारीक बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके, हनुवटीवर एखादी लाल पुळी. फार काही नव्हतं. पण पंधराव्या वर्षी आरसा खूप जवळ असतो.

"वय आहे, जाईल," सुनेत्राताई म्हणाल्या. "नववीचा अभ्यास कर, आरसा कमी बघ."

"हळद आणि चंदन," अण्णासाहेब म्हणाले. "दुकानातलं ते केमिकल चेहऱ्याला लावायचं नाही. चांगली कातडी जाळून घेशील."

त्यांनी स्वतः सहाणेवर उगाळून दिलेला लेप तिने आठवडाभर लावला. शाळेत पिवळी हनुवटी घेऊन गेली. मुली काय म्हणाल्या ते तिने घरी सांगितलं नाही. मला मात्र कळलं, कारण त्या संध्याकाळी तिने मला बराच वेळ डोळ्यांवर धरून ठेवलं होतं.

त्यातच मराठी मंडळाच्या रामनवमीच्या कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायला तिला सांगितलं होतं. टाळकरी उभे असतात आणि ऐकणारे खाली बसलेले असतात. म्हणजे सगळ्या हॉलला तिचं कपाळ दिसणार. तिने मग कुणाला न सांगता सेक्टरच्या मार्केटमधल्या केमिस्टकडून एक ट्यूब आणली. घरी कळू नये म्हणून वरचा खोका आणि आतला घडीचा कागद दुकानाबाहेरच्या कचराकुंडीतच टाकून आली. ट्यूब तिने बाथरूमच्या वरच्या फळीवर, आपल्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटात लपवली. घरातले पुरुष तिथे हात घालणार नाहीत, आणि आईचं पाकीट वेगळं. हुशार पोर!

सकाळी तोंड धुतलं की ती दार लावून ते पांढरं जेल कपाळावर, नाकावर, हनुवटीवर लेपायची. दुपारी शाळेतून आल्यावर परत. संध्याकाळी परत. जास्त लावलं की लवकर जाईल, असा तिचा हिशेब. बोटांना चिकटलेलं मला पुसायची. मग घाईघाईने देवघरापाशी जाऊन नमस्कार करायची आणि दप्तर घेऊन बसकडे पळायची.

अण्णासाहेब कौतुकाने सांगत, "आमची उत्तरा देवापुढे डोकं टेकवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही."

काही दिवसांनी माझ्या एका टोकाला पांढरट डाग उमटला. बोटाएवढा. मग त्याच्या बाजूला दुसरा. मग तळहाताएवढा एक, जरा तांबूस झाक असलेला. मला रंगाऱ्याचं वाक्य आठवलं आणि मी खुंटीवर शरमेने चुरगाळून गेलो.

"बघा!" सुनेत्राताईंनी मला हरीशरावांच्या नाकासमोर धरलं. "रस्त्यावरचा माल घेऊ नका म्हटलं होतं. पानिपतहून आणलं, त्याचं पानिपतच झालं!"

"रंग बिल्कुल पक्का आहे," हरीशराव म्हणाले. "बाकीचे पाच बघ ना. एकावरही डाग नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे याच्यावरच काहीतरी पडतंय."

सुनेत्राताईंनी मला उजेडात धरून एकेक डाग तपासला. त्या एका सरकारी कार्यालयात दक्षता शाखेत काम करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हेच त्यांचं काम. मग त्या सावकाश म्हणाल्या, "पडत नाहीये. कुणीतरी पाडतंय."

मित्रांनो, त्या दिवसापासून घराची हवा बदलली. उत्तराच्या चॉकलेटी उशीच्या अभ्र्यावर डाग सापडला. मग तिच्या खेळाच्या लाल टी-शर्टच्या गळ्यापाशी. सुनेत्राताईंनी कॅलेंडरच्या मागे तारखा लिहायला सुरुवात केली. कुठला कपडा, कुठल्या दिवशी धुतला, डाग कुठे. साबणाची पावडर बदलली. मशीनचा माणूस येऊन गेला. टाकीतलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून ठेवलं, ते आठ दिवस ओट्यावर होतं. कुणीही कपड्याला हात लावला की सुनेत्राताई मान वर करून बघायच्या. शेवटी सगळ्या तारखांचं बोट एकाच माणसाकडे वळलं.

कल्पना. मूळची बंगालमधल्या मालद्याकडची, राहायला जवळच्याच मुनिरकाला. चार वर्षं घरचं धुणं आणि बाथरूमची सफाई तिच्याकडे होती. उंच, सडपातळ, बोलायला कमी आणि हाताला चपळ.

"कल्पना, बाथरूम को ब्लीचिंग पावडर लगाती हो ना?"

"हां भाभी. आपने ही मंगवाया था."

"वही हाथ कपडों को लगता होगा."

"नहीं भाभी. ये दाग धोने से पहले का है. हमने परसों बोला था ना? आप फोन पर थी."

"अच्छा! बोला था?" सुनेत्राताई हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. ऑफिसात समोरच्याची फाईल बंद करताना असं हसत असाव्यात.

आता माझं ऐका. ब्लीचिंगच्या वासाची टॉवेलांना उपजत भीती असते. फरशी घासून झाली की कल्पना हात धुवायची आणि कधी कधी पटकन मलाच पुसायची. तिच्या हाताला तो उग्र वास यायचा. मी विचार केला, मिळाला चोर! खरं तर रोज सकाळी माझ्या अंगावर काय पुसलं जातंय, ते मला अगदी जवळून ठाऊक होतं. पण तो हात माझ्या लाडक्या पोरीचा होता. तिच्यावर संशय घ्यावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. संशय असाच असतो, मित्रांनो. तो आपल्या माणसाच्या दारावरून चोरपावलांनी निघून जातो आणि परक्याचं दार मात्र धाडधाड वाजवतो.

एका सकाळी वरची फळी पुसताना कल्पनाच्या हातून ते पाकीट खाली पडलं आणि ट्यूब घरंगळत माझ्याखाली आली. उत्तरा दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"कल्पनादीदी, प्लीज, किसी को मत बताना!"

"क्या है ये? दवाई?"

"पिंपल की. दादाजी को पता चला ना, तो फिर से हल्दी पोत देंगे."

कल्पना तोंडाला पदर लावून हसली. "हल्दी शादी में लगवाना." मग तिने उत्तराची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "पर गुडिया, इतना मत थोप. देख, चमडी उतर रही है."

खरंच उतरत होती. नाकाच्या कडांना लाली होती आणि कपाळावर कोंडा पडल्यासारखी साल सुटत होती. उत्तराला वाटे, औषध कमी पडतंय. ती आणखी लावी.

"किसी को नहीं बोलूंगी," कल्पना म्हणाली आणि ट्यूब जिथल्या तिथे ठेवून दिली.

रामनवमी दहा दिवसांवर आली. टाळाच्या तालमीला घालायला सुनेत्राताईंनी उत्तराला गडद हिरवा कुर्ता शिवून घेतला होता. शनिवारी तो धुऊन वाळत पडला आणि सुनेत्राताईंनी तो दोरीवरून काढला, तर गळ्याच्या पट्टीवर चार पांढरे ठिपके. मी त्याच दोरीवर शेजारी होतो. कुर्ता नवा होता. बिचारा नुकताच या घरात आला होता.

"कल्पना!"

ती हातातला मग ठेवून आली.

"ये भी धोने से पहले का है क्या?"

कल्पनाने कुर्ता हातात घेतला, ठिपके पाहिले. "हमने नहीं किया, भाभी."

"तो किसने किया? भगवान ने?"

कल्पनाने कुर्ता परत दोरीवर टाकला.

"सोमवार से मत आना."

तिने बालदी जागेवर ठेवली. पोछा पिळून नळावर टाकला. चप्पल घालून निघाली तेव्हा जिन्यात तिच्या पायांचा आवाज नेहमीपेक्षा हळू येत होता. मी वाऱ्यावर हललो, आणि सांगायला लाज वाटते, पण मनातून मला बरं वाटलं.

उत्तरा खोलीतून धावत आली. "आई, कल्पनादीदी असं करणार नाही."

"मग कोण करतं? कपडे आपोआप पांढरे होतात?"

उत्तराला खरंच माहीत नव्हतं. तो घडीचा कागद तिने वाचलाच नव्हता ना! सुनेत्राताईंनी लगेच खालच्या मजल्यावरच्या पद्मजाताईंना फोन लावला. कल्पना त्यांच्याकडेही कामाला होती. "सांभाळा हो. ब्लीचचे हात लावते आणि वर तोंडावर खोटं बोलते." पद्मजाताईंनी तिथल्या तिथे तिला कामावरून काढायचं ठरवलं. मग सुनेत्राताईंनी ब्लॉकमधल्या बायकांच्या ग्रुपसाठी कल्पनाच्या नावाचा निरोप लिहायला घेतला. या ब्लॉकमध्ये तिची पाच घरं होती. तो निरोप गेला असता, तर पाचही घरांची दारं तिला बंद झाली असती. पण हिंदी नीट जमेना.

"अहो, उद्या जरा बघून द्या, मग पाठवते."

आता मित्रांनो, मन लावून ऐका. रविवारी सकाळी अण्णासाहेब अंघोळ करून, सोवळं नेसून देवघरापाशी आले. देवांच्या चौरंगावर लाल सुती वस्त्र असतं. ते दर पंधरवड्याला अण्णासाहेब स्वतःच्या हाताने धुतात. मशीनला नाही, दुसऱ्या कुणाच्या हातालाही नाही. कल्पनाने चार वर्षांत त्या कोपऱ्याकडे झाडूसुद्धा नेला नव्हता. तिला तशी सक्त ताकीदच होती.

त्यांनी देव ताम्हनात उतरवून ठेवले, वस्त्र उचललं आणि उजेडात धरलं. वस्त्राच्या डाव्या कडेला एक पांढरट ठसा होता. लांबट, मधे जरा दाट, दोन्ही बाजूंना विरळ.

"सुनेत्रा," त्यांनी हाक मारली.

सुनेत्राताई आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "म्हणजे हिने देवाच्या वस्त्रालाही हात लावला! हद्द झाली. मी आत्ताच तो मेसेज पाठवते."

"थांब." अण्णासाहेब चौरंगाकडे बघत होते. "मी मधोमध बसून नमस्कार करतो. तू उभ्यानेच हात जोडतेस. हरीशला तर वेळच नसतो." त्यांनी वस्त्र परत चौरंगावर अंथरलं. डाव्या बाजूला हार्मोनियमची पेटी असते. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून बसलं, तरच तिथे डोकं टेकतं. एवढ्याशा जागेत मावणारं माणूस घरात एकच होतं.

अण्णासाहेबांनी उत्तराकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात दुधाचा कप घेऊन उभी होती. त्यांना कळलं होतं, हे मला खुंटीवरून स्पष्ट दिसलं. पण त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. ते पाटावर बसून राहिले. मोबाईलवर बुवा गात होते, तो त्यांनी बंद केला. मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण अशी शांतता कुठल्या बुवांना साधलेली ऐकली नाही. म्हातारा माणूस आपल्या नातीला वेळ देत होता.

सुनेत्राताईंचा अंगठा फोनवर होता.

उत्तराचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिने बोटांकडे पाहिलं. पांढरी होती. मग तिने ठशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, नको पाठवूस!" तिने कप तिथेच खाली ठेवला. "मी... ते माझ्यामुळे झालंय. मला आत्ता कळलं. खरंच, आत्ताच कळलं."

ती धावत बाथरूममध्ये शिरली, पाकिटातून ट्यूब काढून आईच्या हातात दिली आणि तिथेच खाली बसली. सुनेत्राताईंनी चष्मा चढवला. ट्यूबवर औषधाचं नाव होतं, बेंझॉईल पेरॉक्साइड. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. केस आणि रंगीत कापड यांना लागू देऊ नये, रंग उडतो.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग कॅलेंडर काढून मागची तारखांची यादी पाहिली. ती सगळी बरोबर होती. फक्त वरचं नाव चुकलं होतं.

"मला सांगायचं नाहीस का गं?" त्या एवढंच म्हणाल्या.

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, आरसा कमी बघ."

अण्णासाहेब खाकरले. "आणि माझी हळद होतीच." मग अगदी हळू म्हणाले, "दुखतंय का गं कपाळ?"

"चुरचुरतं. खूप चुरचुरतं, आजोबा." आणि पोर रडायला लागली. "आणि कल्पनादीदीला ट्यूबचं माहीत होतं. तिने काल माझं नावसुद्धा घेतलं नाही."

ते ऐकून सुनेत्राताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी निरोप पुसून टाकला. पद्मजाताईंकडे मात्र फोन न करता त्या स्वतः जिना उतरून गेल्या. कालचं बोलणं फोनवरून सहज झालं होतं. ते परत घ्यायला तोंड दाखवावं लागलं.

दुपारी मायलेकी केमिस्टकडे गेल्या. तिथून आल्यावर उत्तराने नव्या खोक्यातला घडीचा कागद आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि मीही ऐकला. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला लागेल म्हणून सांगून ठेवतो. असं जेल दिवसातून एकदाच लावायचं, तेही सुरुवातीला कमी ताकदीचं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, कोरडं करायचं, आणि मटारच्या दाण्याएवढं जेल पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. डोळे आणि ओठ सांभाळायचे. कातडी कोरडी पडली तर साधं मॉइश्चरायझर लावायचं, फार चुरचुरलं तर काही दिवस थांबायचं, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन लावायचं. पुळ्या फोडायच्या नाहीत. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्याने उतरल्या नाहीत, किंवा मोठ्या दुखऱ्या गाठी आल्या, तर डॉक्टरांकडे जायचं. आणि जेल पुरतं वाळेपर्यंत चेहरा कशालाच टेकवायचा नाही. टॉवेल, उशीचा अभ्रा, दोन्ही पांढरे वापरायचे.

"दीड-दोन महिने? म्हणजे रामनवमीला पुळ्या असणारच," उत्तरा म्हणाली.

"असू देत," अण्णासाहेब म्हणाले. "लोक टाळ ऐकायला येतात गं. आणि बाहेर पडताना नमस्कार लांबूनच कर. देव काही रागावत नाही."

सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजली. कल्पना होती. कामाला आली नव्हती. तिच्या केसांना तेल होतं आणि अंगावर बाहेर जायची साडी.

"भाभी, मेरा कागज दे दो. फोटो और आधार का झेरॉक्स. पुलिस वेरिफिकेशन का जो लिया था."

दिल्लीत कामाला माणूस ठेवलं की त्याचा फोटो आणि कागद आधी घेतात. म्हणजे काम सुरू होण्याच्या आधीच संशयाची फाईल तयार असते. तशी एक फाईल सुनेत्राताईंच्या कपाटात चार वर्षं पडून होती.

"कल्पना, अंदर आओ ना," सुनेत्राताई म्हणाल्या. "गलती मेरी थी. दाग ट्यूब का था, उत्तरा के ट्यूब का. तुम्हारा नहीं था. माफ करो."

कल्पना उंबऱ्यातच उभी राहिली. "ट्यूब से कपडा सफेद होता है?"

"होता है. लिखा है उस पर."

"अच्छा." तिने उत्तराकडे पाहिलं. "मैंने कहा था ना गुडिया, इतना मत थोप."

"दाग का नहीं, पर ट्यूब का तो तुम्हें मालूम था," सुनेत्राताई म्हणाल्या. "शनिवार को बोल देती. बच्ची का नाम ले लेती. क्यों नहीं बोली?"

"आपने पूछा कहां, भाभी? आपने तो बस बता दिया."

अण्णासाहेब सोवळ्यातच उठून दारापर्यंत आले. पूजा अर्धी टाकून उठलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "बेटी, कल से आ जाओ. ये घर तुम्हारा है."

कल्पनाने घाईने पदर डोक्यावर घेतला. "ऐसा मत करो, बाबूजी. पद्मजाभाभी के यहां जाऊंगी, उन्होंने कल बुलवाया है. पर यहां नहीं. यहां अब कोई भी दाग दिखेगा ना, तो पहले मेरा ही हाथ कांपेगा."

सुनेत्राताईंनी पुन्हा आग्रह केला नाही. त्यांनी कपाटातून कागद आणून दिले. कल्पनाने फोटो उलटसुलट करून पाहिला, पिशवीत ठेवला. उत्तरा तिला बिलगली, तशी ती म्हणाली, "मुंह मत रगड, मेरी साडी रंगवाली है." सगळे हसले. ती पण हसली.

उत्तराने रामनवमीला टाळ वाजवले, पुळ्यांसकट. बुवांनी कौतुकाने तिच्याकडे मान वळवली, असं अण्णासाहेब अजून सांगतात. दोन महिन्यांनी तिचं कपाळ बरंच निवळलं. तिला पांढरा टॉवेल आला आणि मला कापून दोन तुकडे केले. अर्धा मी बाल्कनीच्या दाराशी पायपुसणं झालो, अर्धा स्कूटर पुसायला गेला. माझी तक्रार नाही. डाग पडलेल्याला कुठे ना कुठे काम मिळतं. पण नाहक नाव गेलेल्या माणसाचं नाव परत जागेवर आणायला फार कष्ट पडतात. तेव्हा मित्रांनो, अंगाला जे लावाल त्याचा कागद आधी वाचा. आणि कुणावर बोट उचलण्याआधी त्याला एकदा विचारा. विचारा म्हणजे खरंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आता शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. त्या सोमवारी जाताना कल्पनाची नजर बाल्कनीकडे गेली. मी दोरीवर वाकडातिकडा पडलो होतो, अर्धवट सुकलेला. तिचं आता त्या घरात काही काम नव्हतं. तरी ती आली, मला काढलं, दोनदा झटकलं आणि घडी घातली. डाग आत आणि चांगली निळी बाजू बाहेर. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ती मला नेहमी तशीच घडी घालत असे. मी तिच्याबद्दल मनात काय काय म्हटलं होतं, ते तिला कधीच कळणार नाही. ते सांगायला मला तोंड नाही, मित्रांनो, तुम्हाला आहे. मुनिरकाच्या बाजूने कुठे उंच, सडपातळ, हातात कापडी पिशवी घेतलेली बाई भराभर चालत जाताना दिसली, तर ती कल्पना असो वा नसो, मनातल्या मनात तिला एक नमस्कार करा. तिची आठवण ठेवा.